खाकी वर्दीकडे पाहताना: वर्षावासाच्या आरंभी एक चिंतन



२०२५ मध्ये आषाढ पौर्णिमा १० जुलै रोजी आली. तथागतांनी सारनाथला पंचवर्गीय भिक्खूंना पहिला उपदेश दिला, धम्मचक्र फिरू लागले, तो हा दिवस. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून वर्षावास सुरू होतो. त्या वर्षी हा दुसरा दिवस ११ जुलै होता, आणि ही तारीख महाराष्ट्रातून आलेल्या आपल्या कुठल्याही घराला वेगळी सांगावी लागत नाही.

पौर्णिमेच्या ऑनलाइन वंदनेनंतर दुबई मरीनात राहणाऱ्या एका धम्मभगिनीने प्रश्न विचारला. तिचा धाकटा भाऊ मुंबईत पोलीस हवालदार आहे. ती म्हणाली, "दरवर्षी ११ जुलैला आपल्या ग्रुपवर घाटकोपरच्या गोळीबाराच्या पोस्ट येतात. मीही त्या दिवशी रडते. पण खाली लोक लिहितात की पोलीस सगळे सारखेच, खाकी घातली की माणूस संपला. माझा भाऊ तर त्याच वर्दीत आहे. परवा रात्री दोन वाजता त्याचा फोन आला. म्हणाला, 'ताई, झोपच लागत नाही गं. आता नको वाटतं सगळं.' आता मी कोणासाठी मैत्री करू? त्या दहा जणांसाठी की माझ्या भावासाठी?"

वर्गात बराच वेळ कोणी बोलले नाही. मीही त्या दिवशी पुरेसे उत्तर देऊ शकलो नाही. म्हणून हा लेख. प्रश्न तिने विचारला असला तरी तो आपल्या सगळ्यांचा आहे, कारण आता आपल्या जवळजवळ प्रत्येक नात्यागोत्यात कोणीतरी पोलिसात आहे, आणि आपल्या प्रत्येक वस्तीला पोलिसांची एखादी जखमही आहे.

आधी जखमेबद्दल बोलू या. धम्म दुःखाकडे पाठ फिरवायला सांगत नाही. पहिले आर्यसत्यच दुःख आहे हे मान्य करण्याचे आहे. ११ जुलै १९९७ रोजी सकाळी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने गोळीबार केला आणि दहा माणसे गेली. काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी ते दुःख न साहून स्वतःचे जीवन संपवले. चौकशी आयोग नेमला गेला. गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला सत्र न्यायालयाने दोषी ठरवायला २००९ साल उजाडले, म्हणजे बारा वर्षे लागली, आणि त्यानंतर लवकरच त्याला जामीनही मिळाला. २००६ मध्ये खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली, तेव्हाही पोलिसांची दिरंगाई आणि तपासातला हलगर्जीपणा सगळ्यांनी पाहिला. हे सगळे खरे आहे. ज्या आईने त्या दिवशी मुलगा गमावला तिला "पोलिसांवर मैत्री करा" असे सांगायचा अधिकार मला नाही, तुम्हालाही नाही. मैत्री म्हणजे विसरणे नव्हे आणि न्यायाची मागणी सोडून देणेही नव्हे.

पण त्याच सत्याची दुसरी बाजूही आपल्याच इतिहासात आहे, आणि ती आपण फारशी सांगत नाही.

आपले पूर्वज गावात काय करत होते? महार वतनाची कामे आठवा. रात्री गावाचा पहारा करायचा. वेशीवर उभे राहायचे. चोरीचा माग काढायचा. सरकारी टपाल आणि खजिना पोचवायचा. साहेबाच्या घोड्यापुढे धावायचे. हाक आली की जेवणाच्या ताटावरून उठायचे, मग दिवस असो की रात्र. कामाला तास नव्हते, ठरलेला पगार नव्हता. बलुत्याची भाकर आणि शिव्या मिळायच्या. आणि गावात चोरी झाली की पहिला संशय कोणावर? त्याच पहारेकऱ्यावर. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले, ते याच चोवीस तासांच्या वेठीविरुद्ध. आणि त्याच वर्षी सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने त्यांनी ज्या मागण्या ठेवल्या, त्यांत लष्कर आणि पोलीस यांत अस्पृश्यांना मुक्त प्रवेश हीसुद्धा मागणी होती.

म्हणजे पोलीस ठाण्यात आपला मुलगा बसलेला असावा, ही बाबासाहेबांची इच्छा होती. वेठीचा पहारेकरी जाऊन त्याच्या जागी कायद्याचा रक्षक यावा, हे ते स्वप्न होते. त्या ताईचा भाऊ म्हणजे त्या स्वप्नाचेच एक फळ. मग तो आज रात्री दोन वाजता का जागा आहे?

याचे उत्तर बरेचसे कामाच्या रचनेत आहे. १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या पुढाकाराने आलेल्या आणि १९४६ मध्ये मंजूर झालेल्या कारखाना दुरुस्ती कायद्याने कामगाराचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. गिरणीतल्या माणसाला घड्याळाचे संरक्षण मिळाले. पोलीस शिपायाला मात्र ते मिळाले नाही. कामगार संघटना काढू शकतो. पोलिसाच्या या हक्कावर १९६६ च्या कायद्याने बंधने आहेत. १९८२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईचे पोलीस आपल्या मागण्यांसाठी रस्त्यावर उतरले, शहरात लष्कर बोलवावे लागले आणि त्यांची संघटना मोडून काढली गेली. तेव्हापासून हवालदाराचे दुःख बोलायचे झाले तर ते त्याच्या बायकोने बोलायचे, नाहीतर बहिणीने.

बारा तासांची पाळी, वर बंदोबस्त. गणपती झाले की नवरात्र, मग निवडणूक, मोर्चा, मंत्र्यांचा दौरा. साप्ताहिक सुट्टी कागदावर असते, ठाण्यातून फोन आला की जाते. बंदोबस्तावरच्या महिला पोलिसाला दिवसभर स्वच्छतागृह मिळत नाही म्हणून ती पाणीच पीत नाही. आणि आपल्या मनाला लागेल अशी गोष्ट ही की ६ डिसेंबरला दादरच्या शिवाजी पार्कवर रात्रभर दोर धरून जो रांग लावत असतो, त्यात आपलेही कितीतरी तरुण असतात. लाखो लोक चैत्यभूमीवर माथा टेकवून जातात. तो दोर धरून उभाच राहतो. ताईचा भाऊ तिला एकदा म्हणाला होता, "मी आठ वर्षं चैत्यभूमीवर जातोय, पण आत अजून गेलो नाही." ठाण्यात त्याला वस्तीचा माणूस समजतात आणि वस्तीत ठाण्याचा.

यावर काही झालेच नाही असे नाही. मे २०१६ मध्ये मुंबईचे तेव्हाचे पोलीस आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांची पाळी प्रयोग म्हणून सुरू केली. तिचा आराखडा तयार केला होता त्याच ठाण्यातल्या एका शिपायाने. हिशेब बसतो का, माणसे पुरतात का, हे त्याने कागदावर मांडून दाखवले आणि आयुक्तांनी ते ऐकले. देवनार कुठे आहे? रमाबाई नगरापासून फार दूर नाही, त्याच पूर्व उपनगरात. एकाच परिसरात वर्दीने केलेला अन्यायही घडला आणि वर्दीतल्या एका साध्या माणसाचे शहाणपणही दिसले. पुढे हा प्रयोग इतर ठाण्यांत गेला आणि २०२१-२२ मध्ये महिला पोलिसांसाठी आठ तासांच्या ड्यूटीचे आदेश निघाले. काम अजून अपुरे आहे, पण ते होऊ शकते हे सिद्ध झाले आहे.

सिगालोवाद सुत्त हे गृहस्थांचे विनय समजले जाते. त्यात मालकाने सेवकाशी कसे वागावे याच्या पाच गोष्टी तथागत सांगतात. त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे. अन्न आणि वेतन वेळेवर द्यावे. आजारात काळजी घ्यावी. गोडधोड मिळाले तर वाटून द्यावे. आणि योग्य वेळी सुट्टी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वी सुट्टी हे मालकाचे कर्तव्य म्हणून सांगितले गेले, उपकार म्हणून नव्हे. आता विचार करा, पोलिसाचा मालक कोण? शासन, असे आपण पटकन म्हणू. पण लोकशाहीत शासन कोणाचे? आपलेच. म्हणजे त्या पाच कर्तव्यांतला काही वाटा आपल्याकडे येतो.

आता अंगुलिमालाची गोष्ट. ती आपण लहानपणापासून ऐकतो, पण ऐकताना आपले लक्ष अंगुलिमाल आणि बुद्ध या दोघांवरच असते. मज्झिम निकायात या गोष्टीत तिसरा एक माणूस आहे, कोसलचा राजा प्रसेनजित. त्याच्याकडे आज नीट पाहू या.

अंगुलिमालाच्या भीतीने लोक गावे सोडून पळत होते. श्रावस्तीत राजवाड्याच्या दाराशी मोठा जमाव जमला आणि ओरडू लागला की राजाने त्या दरोडेखोराचा बंदोबस्त करावा. प्रसेनजित पाचशे घोडेस्वार घेऊन निघाला. वाटेत तो जेतवनात तथागतांना भेटायला थांबला. तथागतांनी विचारले की कोणी शत्रू राजा चालून आला आहे का. राजा म्हणाला, नाही, एका दरोडेखोरामागे चाललो आहे, आणि तो हाती लागेल असे मला वाटत नाही. पाहा, पाचशे स्वार सोबत असूनही मनात खात्री नाही. मागे जमावाचा आरडाओरडा, पुढे मृत्यू, आणि मध्ये कर्तव्य असलेला माणूस.

मग तथागत त्याला विचारतात की अंगुलिमाल भिक्खू झालेला, शीलवान झालेला दिसला तर काय करशील. राजा म्हणतो, मी त्याला वंदन करीन आणि त्याला संरक्षण देईन. आणि तथागत हात दाखवून सांगतात की तो इथेच बसला आहे. राजा थरथर कापला, त्याचे केस उभे राहिले. आधी तथागतांनी काय केले असेल? त्यांनी राजाला त्याच्या भीतीबद्दल हसले नाही. घाबरू नकोस, आता तुला त्याच्यापासून भय नाही, असे सांगून त्याला सावरले. त्यानंतर राजा जे बोलला ते आजच्या प्रत्येक पोलीस प्रबोधिनीत सांगण्यासारखे आहे. आम्ही ज्याला दंडाने आणि शस्त्राने आवरू शकलो नाही, त्याला आपण दंडाशिवाय आणि शस्त्राशिवाय आवरले, असा त्याचा आशय आहे. आणि मग तो म्हणतो की आता निघतो, कामे पुष्कळ आहेत.

या प्रसंगातून मला तीन गोष्टी दिसतात.

पहिली, कायदा राखणाऱ्या माणसालाही भीती असते. जमाव त्याच्याकडून निर्भयतेची अपेक्षा करतो आणि त्याला भीती दाखवायची मुभा देत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी हातात फक्त काठी असताना कसाबची बंदूक दोन्ही हातांनी धरून ठेवली. ते साताऱ्याच्या केडांबे गावचे. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. पण मरणानंतर आपण ज्याला वीर म्हणतो, तो जिवंत असताना आपण त्याला काय म्हणत होतो? समोर असताना 'मामा' आणि पाठ वळली की 'पांडू'. ओंबळे यांनी ती बंदूक सोडली नाही म्हणून गुन्हेगार जिवंत हाती लागला आणि पुढे पुराव्यानिशी न्यायालयात खटला चालू शकला, हेही लक्षात ठेवा.

दुसरी, राजाने जे पाहिले ते मान्य केले. दंडशक्तीला मर्यादा आहेत हे त्याने भर सभेत कबूल केले. कूटदंत सुत्तात हाच विचार पुढे जातो. राज्यात चोऱ्यामाऱ्या वाढल्या तर नुसत्या फटक्यांनी आणि कैदेने त्या थांबत नाहीत, उरलेले पुन्हा त्रास देतात. शेतकऱ्याला बी-बियाणे द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, नोकराला नीट वेतन द्या, म्हणजे लोक आपापल्या कामात गुंततात आणि दारे उघडी ठेवून राहू शकतात. समाजाने जे केले नाही त्याचे ओझे आपण हवालदाराच्या काठीवर टाकतो, आणि मग ती काठी गरिबाच्या पाठीवरच पडते.

तिसरी, त्यानंतर अंगुलिमाल भिक्षेला गेला तेव्हा लोकांनी त्याला दगड मारले. डोके फुटले, पात्र फुटले. तथागतांनी त्याला तुझे काहीच चुकले नव्हते असे सांगितले नाही. तू केलेल्या कर्माचे फळ तू आता सोसतो आहेस, ते सहन कर, असे सांगितले. धम्मात करुणा आहे आणि कर्माची जबाबदारीही आहे. दोन्ही एकाच वेळी आहेत. हे ध्यानात आले की ताईच्या प्रश्नातली गाठ सैल होऊ लागते.

पोलिसाच्या कामाबद्दल धम्मात आणखी एक स्पष्ट मार्गदर्शन आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी वैशालीच्या सिंह सेनापतीचा प्रसंग घेतला आहे. सेनापतीचा प्रश्न असा की अहिंसा सांगणारे तथागत अपराध्याला शिक्षा करायलाही मनाई करतात काय? उत्तराचा आशय असा आहे: जो शिक्षेस पात्र आहे त्याला शिक्षा झाली पाहिजे, निरपराध्याला झळ लागता कामा नये, आणि शिक्षा देणाऱ्याच्या मनात द्वेष असता कामा नये. तीन वाक्यांत पूर्ण पोलीस नियमावली आहे. महाराष्ट्र पोलिसांचे ब्रीद सज्जनांचे रक्षण आणि दुर्जनांचे दमन असे आहे. धम्म त्यात एकच शब्द वाढवतो: निर्वैर.

रमाबाई नगरात हेच तीन निकष मोडले गेले. म्हणून आपण जो निषेध करतो तो वर्दीचा नव्हे, त्या निकषांच्या भंगाचा आहे. हा फरक आपण शब्दांत नीट ठेवला तर निषेध कमी होत नाही, उलट धारदार होतो. "सगळे सारखेच" म्हटले की ज्याने गुन्हा केला तो गर्दीत लपतो. ज्याने केले त्याचे नाव, ज्याने आदेश दिला त्याचे पद, ज्या दिवशी घडले ती तारीख असे बोलले की लपायला जागा उरत नाही. जातीने आपल्याला हेच केले होते ना? एका माणसाला न पाहता सगळ्या समूहावर शिक्का मारला. तीच सवय आपण वर्दीच्या बाबतीत कशी चालवून घेणार?

आता आपल्या इथल्या जगण्याकडे येऊ. मरीनाच्या कडेने संध्याकाळी फिरताना पोलिसांची गाडी दिसली की आपण सहज बाजूला होतो. सिग्नल पाळतो. वाद घालत नाही. मुलांना पोलिसांच्या झगमगत्या गाड्यांसोबत फोटोही काढावेसे वाटतात. १३ जून २०२५ च्या रात्री मरीनातल्या ६७ मजली मरीना पिनॅकल इमारतीला आग लागली. ७६४ घरांतून ३,८२० रहिवाशांना सुखरूप बाहेर काढण्यात आले. त्या रात्री आपल्यापैकी अनेकजण खाली रस्त्यावर उभे राहून वर बघत होते, आणि जिना चढणाऱ्या त्या अनोळखी माणसांसाठी मनातून मंगल चिंतत होते. त्यांचा धर्म, देश, भाषा कोणी विचारली नाही. तीच मैत्री. ती आपल्याला येते, शिकवावी लागत नाही.

पण हेच आपण सुट्टीत मुंबईला उतरतो आणि दुसऱ्याच दिवशी चौकातल्या हवालदाराशी हुज्जत घालतो. मी हे दुसऱ्यांबद्दल सांगत नाही. काही वर्षांपूर्वी पासपोर्टच्या पडताळणीसाठी मी गावाकडच्या एका ठाण्यात गेलो होतो. दोन तास बसवले. माझा तोल गेला आणि टेबलामागच्या हवालदाराला मी म्हणालो, "आमच्या दुबईत असं चालत नाही." त्याने वर पाहिले. डोळे लाल होते. शांतपणे म्हणाला, "साहेब, काल सकाळपासून बंदोबस्तावर होतो. घरी गेलेलो नाही. पाच मिनिटं द्या." त्याच्या टेबलावर कागदात गुंडाळलेला वडापाव गार होऊन पडला होता. मला त्या वेळी पंचशीलातले चौथे शील आठवले नाही. ते आठवले विमानात बसल्यावर. खोटे बोलणे टाळणे एवढाच त्या शीलाचा अर्थ नाही. कठोर वाणीही त्यातच येते. इथे मी जो पाळतो तो आदर आहे की दंडाची भीती, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे आहे.

आणि मरीनातच एक वर्दी अशी आहे जी आपल्याला दिसतच नाही. आपल्या टॉवरच्या दारातला सुरक्षारक्षक. बारा तास उभा. त्यात कितीतरी आपल्याच देशातले, काही आपल्याच जिल्ह्यातले. वतनातला पहारेकरी आता समुद्रापलीकडे येऊन उभा आहे, आणि आपण लिफ्टचे बटण दाबताना त्याच्याकडे पाहतही नाही.

म्हणून या वर्षावासासाठी चार छोट्या गोष्टी सुचवतो.

एक. सकाळच्या मैत्री भावनेत स्वतः, आप्त आणि अपरिचित यांच्यानंतर एका वर्दीतल्या माणसाला आणा. ओळखीच्यापासून सुरुवात करा: खालचा सुरक्षारक्षक, नात्यातला शिपाई. ज्याच्या आठवणीने जखम उघडते त्याच्यापाशी लगेच जाऊ नका. मैत्रीला घाई नसते.

दोन. वाणी सांभाळा. ११ जुलैची आठवण जरूर ठेवा, पण पुढे पाठवण्यापूर्वी मजकुरात नाव, तारीख, घटना आहे की नुसती शिवी आहे, ते पाहा. आणि अन्याय झाला तर गप्पही बसू नका. तक्रार लेखी द्या, एफआयआरची प्रत मोफत मिळणे हा आपला हक्क आहे. अॅट्रॉसिटी कायद्याच्या चौथ्या कलमात कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या लोकसेवकाला शिक्षा आहे. हक्क वापरणे हे वैर नव्हे.

तीन. घरातल्या पोलिसाला फोन करा, आणि ड्यूटीबद्दल न विचारता झोपेबद्दल विचारा. "नको वाटतं" असे कोणी म्हणाले तर ते थट्टेवारी नेऊ नका, "धीर धर" म्हणून फोन ठेवू नका. त्याच्या जवळ कोणीतरी राहील असे पाहा, डॉक्टरकडे न्या. भारतात टेली मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे. आजारात काळजी घेणे हे त्या पाच कर्तव्यांतलेच एक आहे, आणि मनाचा आजारही आजारच आहे.

चार. टॉवरच्या दारातल्या माणसाचे नाव विचारा. जुलैच्या उकाड्यात एक थंड पाण्याची बाटली द्या. हे दान लहान आहे, पण तिथून पाहायला सुरुवात होते.

आणि हे वाचणाऱ्यांत कोणी वर्दीतला असेल, तर त्याच्यासाठीही एक शब्द. राजगृहात एक ब्राह्मण तथागतांना शिव्या देऊ लागला. तथागतांनी त्याला विचारले की तुझ्या घरी पाहुणे येतात, तू वाढतोस, त्यांनी ते घेतले नाही तर ते अन्न कोणाचे? माझेच, तो म्हणाला. तसेच हे तुझेच राहिले, मी घेतले नाही, असे तथागत म्हणाले. बंधो, दिवसभरात लोक आणि वरिष्ठ जे वाढतात ते सगळे घरी नेऊ नकोस. ठाण्यातून निघताना दोन मिनिटे श्वास पाहा: आत येतो, बाहेर जातो. पहिला बाण लागणे आपल्या हाती नसते. दुसरा आपणच आपल्याला मारतो, तो टाळता येतो. पण पाळी सोळा तासांची असेल तर श्वासावर लक्ष ठेवून ती आठ तासांची होत नाही. त्यासाठी आम्ही बाहेरच्यांनी बोलायला हवे. ते आम्ही बोलू.

ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला आता असे दिसते. मैत्री दोघांत वाटायची वस्तू नाही, की दहा जणांना दिली तर भावाला कमी पडेल. त्या दहा जणांचे स्मरण जिवंत ठेवणे आणि तुमच्या भावाला जिवंत ठेवणे हे एकच काम आहे. ज्या दिवशी वर्दीतला माणूस निर्वैर, विश्रांत आणि कायद्याला जबाबदार असेल, त्या दिवशी कुठल्याही रमाबाई नगरात गोळी चालणार नाही.

११ जुलैच्या संध्याकाळी आपण सगळ्यांनी ऑनलाइन मौन पाळले. पडद्यावर एक नवीन चौकट होती, कॅमेरा बंद, नावाच्या जागी फक्त मोबाइल नंबर. मौन संपल्यावर ताईंनी सांगितले की तो त्यांचा भाऊ, रात्रपाळीला निघण्याआधी पाच मिनिटे आला होता. त्याने त्रिसरण आमच्यासोबत म्हटले आणि तो गेला. राजा प्रसेनजितासारखीच त्यालाही कामे पुष्कळ होती. आता तो डॉक्टरांकडे जातो आहे. पुढच्या पौर्णिमेलाही यायचे म्हणाला आहे.

तुम्हा सर्वांचा वर्षावास मंगल होवो. वर्दीतल्या आणि वर्दीने दुखावलेल्या सर्वांचे दुःख कमी होवो.

साधु, साधु, साधु.
नमो बुद्धाय. जय भीम.